साहेबाच्या फरशीच्या दरजा

दुबई,
गुरुवार, ६ मे १९६५

वयाने, मानाने आणि आपा कळवते त्याप्रमाणे अलीकडे घेरानेही वाढत चाललेले दुल्हेभाई लियाकत मास्तर यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे हमीदचा, अदबीचा सलाम.

मी इथे खुशाल आहे. (असं लिहिल्याशिवाय माझं पत्र पुढे सरकत नाही, म्हणून लिहिलं. खुशालीचं काय झालं ते खाली येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? शाळेची टेकडी चढताना अजून मधल्या फणसाखाली बसता, की आता पायथ्यावरूनच हजेरी घेता? शहरबानूआपाची कंबर, मुलांचे खोकले, आणि मागच्या पत्रात जिच्यावर तुम्ही दीड पान खर्च केलंत ती तुमची म्हैस, या सर्वांची हकीकत सविस्तर कळवा. बाबांची सविस्तर नको, खरी कळवा. म्हशीला दीड पान आणि बाबांना एक ओळ, तीसुद्धा ‘तब्येत पूर्वीसारखीच’. यातलं पूर्वी म्हणजे रमजानमध्ये लकवा आला त्याच्या पूर्वी, की त्याच्या आधीच्या पत्राच्या पूर्वी, यावर मी आणि हारुनने दोन दिवस वाद घातला. (हारुन म्हणजे आमच्या साहेबाच्या बंगल्यावरचा स्वयंपाकी, श्रीवर्धनचा. माणूस चांगला आहे, फक्त कुठलीही गोष्ट त्याच्या खिशात किंवा पोटात राहत नाही असं तो स्वतः म्हणतो. यातला खिसा खोटा आहे.) शेवटी आपाने खाली बारीक अक्षरात लिहिलेली ओळ मी वाचली, की खाडीत लाँचचा भोंगा झाला की बाबा डाव्या हाताने खाट धरून विचारतात, हमीद आला? त्यानंतर वाद घालण्यासारखं काही राहिलं नाही. मी छुट्टीचा अर्ज केला.

आता छुट्टी ही इथे कशी मिळते ते ऐका. आमचा साहेब कंपनीचा मोठा इंजिनिअर. तो चोवीस मेला मेमसाहेबासकट उन्हाळ्यासाठी विलायतेला जातो तो ऑक्टोबरात परत येतो, आणि मधल्या काळात सही करणारा दुसरा कोणी नाही. मुंबईची बोट एकवीस तारखेला. अर्ज साहेबाच्या टेबलाच्या खणात, खणाची किल्ली साहेबाच्या खिशात, आणि साहेबाचं मन मेमसाहेबाच्या पॅटिओत. साहेब म्हणाला, मिस्त्री, पॅटिओ खलास, छुट्टी पक्की. त्या दिवसापासून मी बाबा आणि माझ्यामधला समुद्र मोजायचं सोडून फक्त तो पॅटिओ मोजतो आहे.

पॅटिओ म्हणजे काय हे मलाही इथे आल्यावरच कळलं. घरामागे अंगण असतं, ते सारवायचं नाही, त्यावर फरशी घालायची, वर मांडव घालायचा नाही, आणि मग उन्हामुळे तिथे कोणालाच बसता येत नाही, याला पॅटिओ म्हणतात. आमच्या पॅटिओत एकशे चव्वेचाळीस फरश्या आहेत. त्या मी बसवल्या आणि स्वतःची स्तुती म्हणून नाही, पण वर पाण्याची वाटी ठेवली तरी हलणार नाही अशा बसवल्या. राहिल्या दरजा. दोन फरश्यांमध्ये बोटभर फट राहते ती दरज, हे तुम्हाला सांगायला नको, तुम्ही मिस्त्रीचे जावई आहात. (जावई झाल्यापासून तुम्ही थापीला हात लावल्याचं मला आठवत नाही, पण ते असो.) आपल्याकडे दरज भरणं हे दुपारच्या चहानंतरचं काम. इथे या बोटभर फटीत माझे अडीच महिने गेले, आणि पुढचे दिवस आत जाताना मला उघड्या डोळ्यांनी दिसताहेत.

पहिल्यांदा साहेबाने विलायतेचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की कोरडी वाळू आणि सिमेंट एकत्र करून झाडूने दरजांत लोटावं, मग वरून हळू पाणी शिंपडावं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावी वारा नसावा. मी दिवसभर लोटलं, पाणी आणायला वळलो, आणि उत्तरेकडून शमाल सुटला. (हा इथला वारा. तो आला की माणसं बोलणं थांबवतात, कारण तोंड उघडलं की वाळू आत.) अर्ध्या तासाने दरजा रिकाम्या होत्या आणि माझं सिमेंट शेजारच्या साहेबाच्या वाळत घातलेल्या चादरींवर होतं. त्या चादरी मी दोनदा धुतल्या. दुसऱ्यांदा मी शहाणपणा केला आणि सिमेंट ओलं कालवून भरलं. गोडं पाणी टँकरने येतं आणि मेमसाहेबाच्या हिरवळीला आधी लागतं, म्हणून मी मागच्या विहिरीचं घेतलं. ते मचूळ निघालं. आठ दिवसांत दरजांवर पांढरी मिठाची साय आली, आणि पंधराव्या दिवशी ऊन असं तापलं की सगळ्या दरजा उभ्या चिरल्या. मेमसाहेबाने बोटाने एक तुकडा उचलला आणि माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर सिमेंटच संपलं. नवीन सिमेंट जहाजात, जहाज समुद्रात, आणि समुद्र कोणाचं ऐकत नाही. एप्रिल लागला होता. मी उपड्या घमेल्यावर बसून विचार करत होतो की आता पॅटिओही गेला आणि छुट्टीही गेली, तेव्हा मला बाबांचा चुना आठवला.

दुल्हेभाई, चार वर्षांपूर्वी मी निघालो तेव्हा बाबा धक्क्यावर आले नाहीत हे तुम्ही विसरला नसाल, कारण माझी ट्रंक तुम्ही उचलली होती. भांडण सिमेंटवरून झालं होतं. बाबा म्हणाले, सिमेंट म्हणजे घाईची माती, खैरुद्दीन मिस्त्रीचा मुलगा तिला हात लावणार नाही. मी म्हटलं, चुन्याचे दिवस संपले, तुमचा चुना तुमच्याबरोबर कबरीत जाईल. (मी बावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं.) बाबांनी थापी धुतली, भिंतीला टेकवून ठेवली आणि आत गेले. ते वाक्य मी इथे आल्यापासून रोज परत घेतो. माझ्याजवळ परत घेऊन उपयोग नाही, त्यांच्यासमोर घ्यायला हवं, आणि त्यासाठीच एकवीस तारखेची बोट हवी. दुसरं काही कारण नाही. माझ्या लग्नाचं जे आपाने लिहिलंय ते तूर्त बाजूला ठेवा.

तर चुना. शिंपल्यांचा चुना इथे भट्टीवर मिळतो, विटेची भुकटी मीच कुटली, हिरडा एका गुजराती दुकानदाराकडे खोकल्याचं औषध म्हणून होता तो घेतला. (दुकानदाराने विचारलं, किती दिवस खोकला आहे? मी म्हटलं, एकशे चव्वेचाळीस फरश्यांना आहे. तेव्हापासून तो मला उधार काही देत नाही.) अडलं गुळावर, कारण गुळाच्या पाण्याशिवाय बाबांचा चुना धरत नाही. बाजारातला गूळ बकरी ईदच्या गर्दीत संपला होता. हारुन म्हणाला, उसमें क्या है हमीदभाय, ये लोग का दिब्स लो ना. दिब्स म्हणजे खजुराचा काळा पाक. खजुराची पोती रचून ठेवली की खाली आपोआप गळतो, आणि साहेबाच्या कोठीत त्याचे दोन डबे कोणी शेख भेट देऊन गेला होता ते तसेच पडून होते. गोड ते गोड, मी म्हटलं. इथेच माझी चूक झाली, पण ती चूक कुठल्याही मिस्त्रीच्या मुलाने केली असती. बाबांनी मला गुळाचं माप शेरात कधी शिकवलंच नाही. तुम्ही पाहिलंय, ते गुळाचं पाणी चुन्यात घालण्याआधी बोटाने जिभेवर लावायचे, डोळे मिटायचे, आणि जीभ ‘पुरे’ म्हणाली की ओतायचे. मीही तसंच केलं. पण दिब्सची गोडी गुळासारखी चटकन बोलत नाही, ती मागाहून येते. माझी जीभ ‘अजून, अजून’ म्हणत राहिली आणि दोन्ही डबे संपले. मी डोळे मिटून बोट चाटतोय हे मेमसाहेबाने खिडकीतून पाहिलं. तिला वाटलं मिस्त्री उपाशी आहे. तिने हारुनच्या हाती पाव आणि मुरंबा पाठवला. मी तो खाल्ला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

ईदच्या तिसऱ्या दिवशी सुरुवात केली आणि चार दिवसांत सगळ्या दरजा भरल्या. थापीच्या टोकाने दाबून, बाबांसारख्या मधोमध किंचित खोलगट. सुंदर दिसत होत्या, दुल्हेभाई. वरून ओली गोणपाटं घातली आणि मेमसाहेबाला खुणेने सांगितलं की एकवीस दिवस यावर पाय नाही, आणि हे काढायचं नाही. बाबा म्हणायचे, एकवीस दिवसांच्या आत चुन्याला बोल लावणारा मिस्त्री नाही. मेमसाहेब मिस्त्री नव्हती. दहाव्या दिवशी तिला ओल्या गोणपाटाचा वास सहन होईना, तिने ती काढायला लावली. त्याच दिवशी पलीकडच्या झावळ्यांच्या घरातल्या शेळ्या कुंपण ओलांडून आल्या आणि पॅटिओ चाटू लागल्या. मला वाटलं, बिचाऱ्यांना मीठ हवं असेल. शेळ्यांना जे कळलं ते मला कळायला अजून चार दिवस लागायचे होते.

मागच्या शनिवारी मेमसाहेबाने विलायतेला जाण्याआधीची चहापार्टी ठेवली. चार शेजारी बंगल्यांतले साहेब, त्यांच्या मेमसाहेबा, पांढरे मेजपोस, हारुनचा तीन मजली केक. मला धुतलेला शर्ट घालून कोपऱ्यात उभं राहायला सांगितलं होतं, म्हणजे कोणी पॅटिओची तारीफ केली तर साहेबाने माझ्याकडे बोट दाखवावं. तारीफ झालीसुद्धा. एका बाईने खाली बघून विचारलं की या काळ्या रेघा रंगवल्या आहेत का, फार छान दिसतात. साहेबही खाली वाकून बघू लागला. मीही बघितलं. रेघा चालत होत्या. उभ्या आणि आडव्या, एकही दरज न सोडता, मुंग्या. दुबईत इतक्या मुंग्या आहेत हे मला माहीत नव्हतं, आणि मला वाटतं दुबईलाही माहीत नव्हतं. त्या कोणाला चावायला आल्या नव्हत्या, त्या फक्त आपल्या वाटेने दिब्स गोळा करत होत्या, पण बायकांचे पाय उघड्या सँडलांत आणि सँडलं दरजांवर. मग जे झालं ते मी लिहीत नाही. मी नळाकडे धावलो तेव्हा हारुन मागून आला आणि शांतपणे म्हणाला, हमीदभाय, यल्ला, चलो, अपना पार्टी खलास. मेमसाब कुर्सी के ऊपर खडी है.

साहेब रागावला नाही. तो रागावला असता तर मी माफी मागितली असती आणि विषय मिटला असता. त्याने एक चिमूट चुना उकरला, हुंगला, आणि जिभेवर ठेवला. (बाबांनंतर चुन्यातली गोडी चाखणारा हा दुसरा माणूस मी पाहिला, पण त्याला चव पटली नाही.) मग म्हणाला, मिस्त्री, तुम फरश में मिठाई डाला? मी मान खाली घालून हो म्हटलं. हुकूम असा झाला की सिमेंटचं जहाज आलंच आहे, तेव्हा अठरा तारखेपर्यंत एकूण एक दरज कोरून काढायची, धुवायची, सिमेंटने भरायची, मग सही. नाहीतर ऑक्टोबर, इन्शाल्ला. हा शब्द साहेब इथे येऊन शिकला आणि आता तो फक्त नाही म्हणायचं असेल तेव्हा वापरतो. उद्या जुम्मा. परवा सकाळी छिन्नी घेऊन बसतो. दहा दिवसांत बाबांचा चुना माझ्या हाताने काढून त्या जागी सिमेंट भरतो, आणि मग बाबांना भेटायला येतो.

बाकी इकडे ठीक. उकाडा सुरू झाला आहे. पत्रात शुद्धलेखनाच्या चुका असतील तर लाल पेन्सिल काढू नका, मुलांसमोर तरी नको. आपाला सलाम, मुलांना दुवा, म्हशीला जे म्हणतात ते.

आपला,
हमीद खैरुद्दीन

ता. क. एवढं सगळं ज्यासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. दुल्हेभाई, तुम्हाला माझ्यासाठी एक खोटं बोलायचं आहे. मी पोचायच्या आत बाबांना सांगून ठेवा की हमीदने दुबईत साहेबाच्या अंगणात तुमच्या हातचा चुना केला आणि तो धरला. मुंग्यांचं काढू नका, सिमेंटचं तर नकोच. मी समोर बसलो की ते विचारणार, आणि त्यांचा उजवा हात माझ्या हातात असताना मला खोटं बोलता येणार नाही. तुम्ही मास्तर आहात, शाळातपासनीस आले की सगळ्या वर्गाला सगळं येतं असं तुम्ही सांगताच. हेही त्यातलंच समजा. आपाला यात घेऊ नका, तिला खोटं बोलताना रडू येतं.

ता. क. दुसरा, सोमवार, १० मे. हे पत्र शुक्रवारीच जायला हवं होतं. ते आज सकाळी हारुनच्या कोटाच्या खिशात, कोथिंबिरीच्या जुडीबरोबर सापडलं. तोपर्यंत इकडे निराळंच झालं आहे ते लिहितो. शनिवारी सकाळी छिन्नी लावली. मोजलं तर एकविसावा दिवस होता. पहिल्या घावाला छिन्नी उडाली. दुसऱ्याला तिचं टोक वाकलं. मला वाटलं फरशीला लागली, म्हणून जागा बदलली, तर तिथेही तेच. मुंग्यांनी वरची गोडी चाटून नेली होती आणि एकही मुंगी मागे नव्हती. खाली जे राहिलं होतं ते दगडासारखं. दुपारपर्यंत माझी अर्धी दरजही निघाली नाही. मी घाबरून साहेबाला बोलावलं. साहेबाने स्वतः पहार मागवली आणि घातली. फरशीचा कोपरा तुटला, दरज तशीच. साहेब उकिडवा बसला आणि तिच्यावरून अंगठा फिरवू लागला. मग शेजारचे साहेब आले. चारही जण अर्धी चड्डी घालून माझ्या दरजांभोवती उकिडवे बसले होते. त्यांच्या अंगणांतल्या सिमेंटच्या दरजा उन्हाने चिरल्या आहेत, सर्वांच्याच. बाबांचं नाव काय असं साहेबाने विचारलं. मी सांगितलं. त्याने ते वहीत लिहून घेतलं, खैरुद्दीन मिस्त्री, रत्नागिरी. दुल्हेभाई, मला वाटलं आता हा खण उघडेल.

खण उघडला. अर्जावर त्याने लाल शाईने ऑक्टोबर लिहिलं. उन्हाळ्यात साहेब लोक विलायतेला असतात, चारही अंगणं रिकामी, म्हणून चारही अंगणांच्या दरजा याच चुन्याने मी भरायच्या, हे दुसऱ्या कोणाला जमणार नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फर्स्ट क्लास, फर्स्ट क्लास, असं दोनदा म्हणाला. मी विनवलं, बाप बीमार है साहब. तो म्हणाला, ऑक्टोबर, इन्शाल्ला. मी दार लावून बाहेर आलो.

ता. क. शेवटचा. तेव्हा वर जे खोटं बोलायला सांगितलं होतं ते खोटं राहिलेलं नाही, तुमचं ओझं उतरलं. संध्याकाळी बाबांना उशीला टेकून बसवा आणि सांगा की तुमचा चुना धरला, साहेबाच्या पहारीने निघाला नाही, आणि चार वर्षांपूर्वी हमीद चुकला होता असं हमीद स्वतः लिहितो. ओळ दाखवा, म्हणजे विश्वास बसेल. तो धरला म्हणून मी येत नाही, हे मात्र त्यांना कळू देऊ नका. आणि भोंगा झाल्यावर त्यांनी विचारलंच, तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी कालपासून शोधतो आहे, मला काही सुचलेलं नाही.